दोनदा वापरलेला आरसा

माझ्या बायकोच्या नावाचा एक लेमा आहे. लेमा म्हणजे काय, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, त्यामुळे तुम्हीही घाई करू नका. गणितात मोठ्या प्रमेयापर्यंत चढायला मधे जी पायरी लागते, तिला लेमा म्हणतात. ही पायरी 'खिरवडकर लेमा' म्हणून ओळखली जाते. या विषयात रस असलेली जगात दीड-दोनशे माणसं असतील, त्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. आमच्या या हिंदी मुलखात, राइट टाउनच्या गल्लीत मात्र कुमुद म्हणजे 'खिरवडकर भैया की मिसेस, मैथ्स पढ़ाती हैं', बस्स. आणि मी त्या गल्लीत तीस वर्षं छाती फुगवून हिंडलो. आडनाव माझं, डोकं तिचं.

मी श्रीकांत. इथल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालो. मायक्रोमीटर लावून मी इतका माल परत पाठवला की मागून मला 'रिजेक्ट साहब' म्हणायचे. मला त्याचा रागही नव्हता. खरं तर बरंच वाटायचं.

कुमुदला बघायला गेलो तेव्हा मी तोंडदेखलं विचारलं होतं, "कशात पीएच.डी. करून राहिल्या तुम्ही?" तिनं पलंगाखालून कॅरम बोर्ड ओढला. म्हणाली, समजा खिसे नाहीत आणि स्ट्रायकर कधी थांबत नाही. कडेला आपटत, वळत तो कायम फिरत राहील. तर मग फिरता फिरता तो कधी आपल्याच जुन्या वाटेवर परत येतो का? चौरस बोर्डावर नेम नीट धरला तर येतो, हे तिनं दाखवून दिलं. पण बोर्ड वेडावाकडा असेल तर? एक बाजू लांब, एक कोपरा टोकदार? "त्याचंच करून राहिली मी," ती म्हणाली. "स्ट्रायकर वळतो म्हणून सगळा गोंधळ होते. म्हणून त्याला वळूच नाही द्यायचं. तो कडेला लागला की बोर्डच आरशात दिसतो तसा पलीकडे उलटा मांडायचा. मग त्याची वाट सरळ रेघ होते." मी होकार तिथंच दिला. तिनं तीन आठवडे घेतले.

फिरणाऱ्या गोष्टींचं गणित आणि भूमिती यांच्या बांधावर तिनं चौतीस वर्षं काढली, आणि शोधनिबंध लिहिले अकरा. विभागप्रमुख शैलेंद्रजींचे एकशे चाळीस आहेत. वजनावर गेलं तर तेच जिंकतात. पण कुमुदनं एकदा फ्रान्समधून आलेलं बोलावणं घेतलं, तीन महिने तिथं शिकवून आली, आणि येताना काय आणलं? खडूचे दोन खोके. लोक अत्तर आणतात. ते खडू तिनं बी.एस्सी.च्या वर्गात झिजवले. सिहोऱ्याच्या मुलांची बस उशिरा येते म्हणून तिचा पहिला तास कायम वीस मिनिटं उशिरा सुरू व्हायचा आणि वीस मिनिटं उशिरा संपायचा. त्यासाठी तिनं दोन प्राचार्यांशी भांडण घेतलं. तिच्या वर्गात तीन शब्दांना बंदी होती: 'उघड आहे', 'सहज दिसतं' आणि 'याचप्रमाणे'. पेपरात यातला एकही दिसला की ती लाल शाईनं विचारायची, 'कोणाला?' किंवा 'कशावरून?' मी घरात कधी 'उघड आहे' म्हणालो तरी मला तोच प्रश्न यायचा.

तर फेब्रुवारीअखेर ती निवृत्त होणार होती. शैलेंद्रजींनी शनिवारी निरोपाचं व्याख्यान ठेवलं. विषय अर्थातच खिरवडकर लेमा. पुण्याहून एक परीक्षक बाई सोमवारी अश्लेषाच्या पीएच.डी.च्या व्हायवासाठी येणारच होत्या, त्यांनाही शनिवारीच बोलावून घेतलं.

अश्लेषा ही कुमुदची शेवटची विद्यार्थिनी. सिहोऱ्याची. वडिलांचं तिथं धान्याचं दुकान आहे. घर मराठी, पण तिच्या तोंडून मराठी निघते ती निम्मी हिंदी होऊनच. सहा वर्षं तिनं प्रबंधावर घालवली. कटनीच्या एका कॉलेजात नोकरी ठरली होती, मात्र मार्चअखेर डिग्री हातात हवी होती. नाही मिळाली तर जागा दुसऱ्याला. कुमुदवर तिची इतकी भक्ती की आमच्याकडे चहा घेतानासुद्धा खुर्चीच्या कडेवर बसायची. मी म्हणायचो, "अगं, मागे टेक, खुर्ची आमचीच आहे." ती हसायची आणि तशीच बसायची.

व्याख्यानाच्या नऊ दिवस आधी, दुपारी, कुमुद जेवणाच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा ढीग घेऊन बसली होती. बी.एस्सी.ची मुलंही येणार, म्हणून एकही पायरी न गाळता सगळं लिहून काढायचं तिनं ठरवलं होतं. मी भाजी निवडत होतो. तासाभरानं पाहिलं तर पेन बंद, आणि ती नुसती कागदाकडे बघत बसलेली. मला वाटलं बी.पी. वाढलं.

"काय झालं?"

"आरसा दोनदा वापरला मी," ती म्हणाली.

मी मेथीची जुडी खाली ठेवली. तिनं मला समजावलं, आणि तपासणी खात्यातल्या माणसाला कळेल असंच समजावलं. सिद्धतेच्या सुरुवातीला तिनं लिहिलं होतं: बोर्डाची लांब बाजू डावीकडे आहे असं धरू. उजवीकडे असेल तर बोर्ड आरशात बघा, ती डावीकडे येईल. हे अगदी बरोबर. मग चार पानांनंतर टोकदार कोपरा येतो. तोही डावीकडे असेल किंवा उजवीकडे. डावीकडचं तिनं सगळं सोडवलं आणि लिहिलं: उजवीकडचं याचप्रमाणे, आरशात बघून. पण आरसा तर सुरुवातीलाच वापरून झाला होता! पुन्हा आरशात बघितलं तर कोपरा डावीकडे येईल, पण लांब बाजू उजवीकडे पळेल. म्हणजे उजवीकडच्या कोपऱ्याचं गणित वेगळं होतं, ते वेगळं करायला हवं होतं. एकतीस वर्षांत ते कोणीच केलं नव्हतं. आज तिनं केलं, आणि जी रेघ सगळे कोपरे चुकवून जायला हवी, ती नेमकी कोपऱ्यात जाऊन बसली. कोपऱ्यात गेलेला स्ट्रायकर पुढे कुठे वळेल याला नियमच नाही. तिथं वाट संपते.

"म्हणजे लेमा खोटा?"

"माहीत नाही. सिद्ध झालेला नाही, एवढं नक्की. अर्धाच आहे."

मग तिला काय आठवलं कोण जाणे, ती माझ्याकडे बघून चक्क हसली. "ते शेवटचं पान मी कधी लिहिलं, आठवते का तुम्हाला?"

मला आठवलं, आणि मेथीत तोंड खुपसावंसं वाटलं. माझ्या बहिणीचं लग्न होतं, नागपूरला. गाडी संध्याकाळची. आमचा दोन वर्षांचा मुलगा अक्षत ट्रंकेवर बसून रडत होता आणि टायपिस्ट ओसरीवर पानांची वाट बघत होता. मी घड्याळ दाखवत ओरडलो होतो, "अजून किती राहिलं?" ती म्हणाली, "दुसरी बाजू राहिली. तीन-चार पानं होतील. पहिलीसारखीच आहे." आणि मी, रिजेक्ट साहब, ज्यानं न तपासलेला एक नट कधी पुढे जाऊ दिला नाही, तो मी म्हणालो होतो, "पहिलीसारखीच आहे नं? मग तसं लिहून टाक!"

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "तुम्ही घाई केली. सही माझी आहे."

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी तिला गप्प बसायला सांगितलं. म्हटलं, कोणाला कळलं नाही एकतीस वर्षं. नऊ दिवसांचा प्रश्न आहे. हार घाल, शाल घे, घरी ये. नंतर बघू. अश्लेषाचा चौथा धडा या लेमावर उभा आहे, परीक्षक बाईंना सुगावा लागला तर पोरीची डिग्री अडकेल, नोकरी जाईल. "आणि तुझं काय राहील गं?" मी म्हणालो. "अकरा निबंधांत नाव झालं ते या एकाचं. तेच तू आपल्या हातानं पुसणार? काहून?"

"अहो, मालात तडा दिसला तर तुम्ही काय करत होते?"

"माल परत पाठवत होतो. पण तो माझा नव्हता."

"हा माझा आहे," ती म्हणाली. "म्हणून तर." आणि तिनं अश्लेषाला फोन लावला.

पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. कुमुदनं आडवळण घेतलं नाही. कागद पुढे सरकवले, आरशाची गोष्ट सांगितली, आणि म्हणाली, "तुझा चौथा धडा पडते, अश्लेषा. व्हायवा पुढे ढकलावा लागेल. कटनीच्या कॉलेजला मी स्वतः पत्र लिहीन, जाऊन हात जोडीन. पण हे मी लपवू शकत नाही. तुला आधी सांगितलं, कारण नुकसान तुझं आहे."

अश्लेषानं कागद हातातही घेतले नाहीत. खाली बघत म्हणाली, "मॅडम, चौथा चॅप्टर नहीं गिरता."

"कसा नाही? लेमा वापरला आहेस तू."

"आधाच वापरला. मी अट टाकली आहे नं... कोपरा लांब बाजूकडेच असला पाहिजे. तुम्ही विचारलं होतं, ही अट काहून. मी म्हटलं, हिशोब सोपा होतो." ती थांबली. "मॅडम, मुझे पता था. दोन साल झाले."

मी दारात उभा होतो. माझ्या छातीवरचा दगडच उतरला, खोटं कशाला बोलू! पोरगी सुटली होती. चूक तिघांनाच माहीत होती आणि तिघंही घरचीच होती. त्यात अश्लेषा डोळे पुसत म्हणाली, "मी कोणालाच नाही सांगणार, मॅडम. कभी नहीं. तुमचं नाव आहे ते." मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

देव पावला नव्हता. चौतीस वर्षांच्या संसारात मी कुमुदला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. आवाज खाली गेला, आणि तो जास्त वाईट होता.

"दोन वर्षं. दोन वर्षं तू मला वर्गात तो लेमा शिकवू दिला. पहिल्या बाकावर बसून उतरवून घेत होती तू. चुकीचं आहे हे माहीत असून."

"मॅडम, तुमचं चुकलं असं मी कसं बोलू? आप मेरी गुरु हैं."

"म्हणूनच बोलायचं होतं!"

अश्लेषा रडायला लागली. मी मधे पडलो, "जाऊ दे गं, लहान आहे, तिनं तुझ्याच भल्यासाठी..." कुमुदनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा तिचा राग गेला होता, आणि राग होता तेच बरं असं मला वाटलं. ती अश्लेषाला म्हणत होती, "तुझं नाही चुकलं. माझी पोरगी सहा वर्षं माझ्यासमोर बसते आणि मला 'चूक' म्हणायची तिची हिंमत होत नाही. तर मग मी शिकवलं काय? माझे निबंध जाऊ दे. हे मला जास्त लागलं."

अश्लेषा गेल्यावर ती बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. विचारलं, "पोहे करू का?" ती 'करा' म्हणाली.

व्हायवाचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिथं अडकून राहील. सोमवारी तासाभरात आटोपला, पोरगी डॉक्टर झाली, कटनीची नोकरी तिला मिळाली. पण खरी परीक्षा झाली ती शनिवारी, आणि ती कोणाची होती हे मला अजून नीट सांगता येत नाही.

शनिवारी हॉल भरला होता. सिहोऱ्याहून, मझौलीहून तिचे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक आता स्वतः शाळेत गणित शिकवतो, तो आपल्या मुलीला घेऊन आला होता. अक्षतला बंगळूरहून येता आलं नाही, त्यानं फुलं पाठवली. शैलेंद्रजी वीस मिनिटं बोलले. त्यांच्या भाषणात कुमुद गंगा झाली, हिमालय झाली आणि शेवटी नर्मदा मैया झाली. मग ती उठली, शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि खडू उचलला.

पहिली बाजू तिनं पंचवीस मिनिटांत मांडली. मला तेवढंच कळलं जेवढं कॅरमवर कळलं होतं, पण मागच्या रांगेतली मुलंसुद्धा माना उंचावून बघत होती. बोर्डावर एकामागून एक चौकोन उलटत गेले आणि त्यातून ती रेघ सरळ निघाली, एकाही कोपऱ्याला न शिवता. मुलं टाळ्या वाजवायला लागली. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"आता दुसरी बाजू," ती हिंदीत म्हणाली. "इकतीस साल पहले मैंने यहाँ लिखा था, इसी प्रकार. वो ग़लत है. ग़लती मेरी है. पकड़ी अश्लेषा ने है, दो साल पहले. अश्लेषा, इधर आओ. समझाओ."

शैलेंद्रजी माझ्या शेजारीच होते. ते अर्धे उठून कळवळून पुटपुटले, "अरे मैडम, विदाई का दिन है, शुभ-शुभ बोलिए..." पुण्याच्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अश्लेषा जागेवरून हलेना. कुमुदनं खडू टेबलाच्या कडेवर ठेवला, खाली उतरली, पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि पर्समधून वही काढली. शेवटी पोरगी उठली. काय करणार, बोर्ड मोकळा होता.

सुरुवातीला तिचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नव्हता. दर वाक्याला ती कुमुदकडे बघायची, आणि कुमुद वहीत बघत असायची. आरसा कुठे पहिल्यांदा वापरला, कुठे दुसऱ्यांदा, हे तिनं दाखवलं. उजव्या कोपऱ्याचा चौकोन काढला, तो उलटला, पुन्हा उलटला, आणि रेघ कोपऱ्यात नेऊन थांबवली. तोवर तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता. ती बोर्डाकडे बघून बोलायला लागली होती.

मग कुमुदनं हात वर केला.

"लांब बाजू थोडी आणखी लांब घेतली तर?" तिनं विचारलं. मराठीतच विचारलं, जणू हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतंच. "रेघ कोपऱ्याच्या वरून जाईल नं? मग वाचते लेमा. मी काल करून पाहिलं."

मला तिचा आवाज ओळखता येतो. हा परीक्षेचा प्रश्न नव्हता. नऊ दिवस ती टेबलावर हेच करत बसली होती, आणि तिला खरंच वाटत होतं की वाचेल. मलाही वाटलं. मी हात जोडले, हो, गणितासाठी जोडले. एकतीस वर्षांचं नाव होतं, ते असं भर सभेत जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

अश्लेषानं बोर्डाकडे पाहिलं. एक बाजू पुसून लांब केली. चौकोन पुन्हा उलटले, तीन, चार, पाच. खडू एका ठिकाणी थांबला. 'विचार करून सांगते' म्हणाली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. तीही म्हणणार होती असं मला वाटतं, कारण तिनं तोंड उघडून पुन्हा मिटलं.

मग ती वळली आणि सरळ कुमुदच्या डोळ्यांत बघून बोलली.

"नाही, मॅडम. नाही वाचत. हा कोपरा सुटतो, पण पाचव्यांदा उलटल्यावर हा दुसरा येतो. तुम्ही चारपर्यंतच केलं असेल. इथं तुमचं चुकलं."

कुमुद बोर्डाकडे बघत राहिली, ओठांनी चौकोन मोजत. पाच मोजून झाले. मग ती हसली, आणि मी शपथेवर सांगतो, अक्षत झाला त्या दिवशीही ती इतकी मोकळी हसली नव्हती.

"अच्छा," ती म्हणाली, आणि वहीत मान घालून लिहायला लागली. "थांब जरा, उतरवून घेते."